टांगलेल्या चकतीचं संतुलन केव्हा मोडतं: विद्युतबलाखालच्या वाहकाचा प्रयोग, मेगर आणि स्टॉपवॉच घेऊन

दोन प्रभारित प्लेटांच्या बरोबर मधोमध एक हलकी धातूची चकती टांगली, की दोन्हीकडची ओढ सारखी होते आणि चकती जागेवर राहते. हे संतुलन आहे, पण ते टिकाऊ आहे का? बारावी आणि बीएस्सीच्या वर्गात याचं उत्तर 'नाही' असं एका ओळीत दिलं जातं आणि विषय तिथेच संपतो. खरं तर हे संतुलन एका झटक्यात मोडत नाही. मोडण्याआधी ते मऊ पडत जातं. चकतीचं झुलणं संथ होतं आणि तो संथपणा साध्या स्टॉपवॉचवर मोजता येतो. पुढची मांडणी त्यासाठीच आहे. सोलापुरात ती फेब्रुवारी ते मे या काळात करावी. पावसाळ्यात पहिला भाग जमेल, पण शेवटचा भाग दमट हवेत हाती लागत नाही.

लागणारं सामान

चकती ३०० जीएसएमच्या जाड कार्डाची, व्यास ६ सेंमी. जुन्या लग्नपत्रिकेचं जाड कार्ड चालतं. तिच्या दोन्ही बाजूंना स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल खळीच्या पातळ थराने चिकटवा. कार्डाचे ०.८५ ग्रॅम आणि दोन्ही फॉइलचे मिळून ०.१७ ग्रॅम, म्हणजे चकती साधारण १ ग्रॅमची होते. हे वजन अंदाजाने धरू नका, एखाद्या सराफाच्या काट्यावर करून आणा. दोन्ही बाजूंची फॉइल कडेवरून दुमडून एकमेकींना टेकवा आणि मल्टिमीटरच्या बीपने खात्री करा. सुरकुत्या राहिल्या असतील तर चमच्याच्या पाठीने घासून घालवा.

टांगायला सुती धागा, तोही दुपदरी. एकपदरी धागा वजनाखाली पीळ सोडत राहतो आणि चकती तासभर गरगरत बसते. ओळखीच्या यंत्रमाग कारखान्यातून हातभर दुपदरी सूत मागून आणलं तरी पुरतं. हा धागाच चकतीला जमिनीच्या विभवावर ठेवणारी तार आहे. म्हणून त्यातून थोडी तरी वीज वाहायला हवी. एप्रिलच्या दुपारी सोलापूरची हवा इतकी कोरडी असते की साधं सूत जवळजवळ निरोधक होऊन बसतं. उपाय सोपा आहे. पाव कप पाण्यात चमचाभर मीठ आणि मेडिकलमध्ये मिळणाऱ्या ग्लिसरीनचे दहा-बारा थेंब घालून धागा भिजवा आणि ताणून वाळवा. ग्लिसरीन हवेतली ओल धरून ठेवतं.

प्लेटा दोन, १० सेंमी × १० सेंमी, सपाट अॅल्युमिनियमच्या किंवा तांब्याचा थर असलेल्या पीसीबीच्या. चकतीभोवती सगळीकडे निदान २ सेंमी प्लेट उरली पाहिजे. त्या ॲक्रिलिकच्या पायांवर उभ्या करा. लाकडाचे पाय नकोत, कारण लाकूड कोरडं दिसलं तरी त्यातून प्रभार गळतो.

विजेसाठी मेगर, म्हणजे वायरमनकडे असतो तो इन्सुलेशन टेस्टर. ५०० आणि १००० व्होल्टच्या रेंजचा, बटण लॉक होणारा डिजिटल मेगर उत्तम. हाताने फिरवायच्या मेगरची व्होल्टता फिरवण्याच्या वेगावर हलते. मेगरच्या टोकाला १ मेगओहमचे दहा रेझिस्टर एकापुढे एक जोडा. एकच १० मेगओहमचा लावला तर? साध्या पाव वॅटच्या रेझिस्टरला साधारण २५० व्होल्टच झेपतात, म्हणून ताण दहांवर वाटायचा. या साखळीमुळे १००० व्होल्टलाही प्रवाह ०.१ मिलीअँपिअरच्या वर जात नाही.

घरातल्या सॉकेटची वीज, डास मारायच्या रॅकेटचं सर्किट, जुन्या टीव्हीचं किंवा मायक्रोवेव्हचं ट्रान्सफॉर्मर यांतलं काहीही या कामाला वापरू नका. मांडणीत कुठेही कपॅसिटर जोडू नका. प्लेटांना हात लावण्याआधी दर वेळी मेगर बंद करून जमिनीच्या तारेचं टोक दोन्ही प्लेटांना टेकवा.

चकती टांगणे

चकतीच्या मध्यापासून १.५ सेंमी वर, एकमेकांपासून ४.५ सेंमी अंतरावर सुईने दोन भोकं पाडा. वरच्या आडव्या सळईवरही दोन गाठी ४.५ सेंमी अंतरावरच, म्हणजे दोन्ही धागे समांतर राहतील. सळईपासून चकतीच्या मध्यापर्यंत उभं अंतर ५० सेंमी. धागा फॉइलला नीट टेकला पाहिजे, तेव्हा गाठीवर फॉइलचा छोटा तुकडा दाबून लावा.

धाग्यांमधल्या या ४.५ सेंमीला कारण आहे. चकतीला नुसतं प्लेटेकडे सरकता येतं असं नाही, ती उभ्या अक्षाभोवती वळूही शकते. वळताना तिची एक कड एका प्लेटेजवळ जाते आणि दुसरी कड दुसरीजवळ, त्यामुळे विद्युतबल तिला आणखी वळवतं. हिशेब केला तर धागे मध्यापासून त्रिज्येच्या निम्म्याहून आत, म्हणजे आपल्या चकतीत दोन धाग्यांतलं अंतर ३ सेंमीपेक्षा कमी असेल, तर चकती सरकण्याआधी वळून प्लेटेला टेकते. एकाच धाग्यावर टांगलेल्या चकतीचा प्रयोग फसतो तो याच कारणाने, आणि दोष मात्र व्होल्टतेला दिला जातो.

वीज न लावता चकती झुलवा. वीस झोक्यांना साधारण २८.४ सेकंद लागले पाहिजेत, म्हणजे आवर्तकाल १.४२ सेकंद. पंखा, कूलर बंद, खिडक्या बंद. पहाटे किंवा रात्री उशिरा केलं तर उकाड्याचा त्रास कमी. टेरिकॉटचा शर्ट घालून मांडणीजवळ वाकलात तर शर्टावरचा प्रभारच चकतीला ओढतो. सुती कपडे घाला आणि वाचन हातभर लांबून घ्या.

आता मेगरने धागाच तपासा. एक टोक सळईला, दुसरं फॉइलला. ५०० व्होल्टवर रोध १००० मेगओहमच्या आत दिसला तर पुढे जा. चकती आणि दोन प्लेटा यांची धारिता जेमतेम ५ पिकोफॅरड आहे. १००० मेगओहमला तिच्यावर प्रभार यायला-जायला ५ मिलिसेकंद लागतात, झोक्यापुढे हे काहीच नाही. पण धागा लाख मेगओहमचा असेल तर तोच वेळ अर्ध्या सेकंदावर जातो. मग चकती झुलते एका वेगाने आणि प्रभार तिच्यामागून येतो. येणारे आकडे कुठल्याच सूत्रात बसत नाहीत.

मधोमध ठेवून मोजणे

दोन्ही प्लेटा तारेने एकमेकींना जोडा आणि दहा रेझिस्टरांच्या साखळीमार्फत मेगरच्या एका टोकाला लावा. सळई मेगरच्या दुसऱ्या टोकाला. धन-ऋण कुठलं कुठे, याने फरक पडत नाही, कारण बल व्होल्टतेच्या वर्गावर अवलंबून आहे. उघड्या टोकांवर मेगरची व्होल्टता लिहिल्यापेक्षा थोडी जास्त असते, म्हणून १००० व्होल्ट झेपणाऱ्या मल्टिमीटरने ती एकदा मोजा. मोजायची मात्र रेझिस्टरांच्या अलीकडे. पलीकडे लावलात तर मीटरचे स्वतःचे १० मेगओहम आणि साखळीचे १० मेगओहम यांत व्होल्टता निम्मी वाटली जाते आणि ५०० च्या जागी २५० दिसतात.

प्लेट ते चकती हे एका बाजूचं अंतर १५ मिमी ठेवून सुरुवात करा. दोन प्लेटांमधलं अंतर व्हर्निअरने मोजा. ते या अंतराच्या दुप्पट अधिक चकतीची ०.४ मिमी जाडी इतकं, म्हणजे ३०.४ मिमी हवं.

चकती खरंच मधोमध आहे का, हे डोळ्यांनी ठरवू नका, विजेला ठरवू द्या. बटण दाबल्यावर चकती ज्या प्लेटेकडे झुकेल तिच्या ती जवळ आहे. सळई उलट बाजूला कागदाच्या जाडीएवढी सरकवा आणि पुन्हा दाबा. बटण दाबलं तरी चकतीची कड हलत नाही, असं होईपर्यंत हे चालू ठेवा. या कामाला अर्धा तास गेला तरी द्या. पुढचे सगळे आकडे त्यावर उभे आहेत.

मग स्ट्रॉमधून अगदी हलकी फुंकर मारून चकती झुलवा. झोका मध्यापासून मिलिमीटरभरच जावा, मोठ्या झोक्यात आवर्तकाल आणखी वाढतो आणि सरळ हिशेब बिघडतो. ५०० व्होल्टला आणि वरच्या मापांना हिशेबाने असे आकडे येतात: १५ मिमीला १.५८ सेकंद, १२ मिमीला १.७९, १० मिमीला २.३६, ९.५ मिमीला २.८१ आणि ९ मिमीला ४.०२ सेकंद. त्यानंतर ८.६ मिमीला संतुलन मोडतं आणि चकती कुठल्या तरी एका प्लेटेला जाऊन टेकते. १००० व्होल्टला हीच सीमा १३.७ मिमीवर येते. दहा मिमीपर्यंत दहा झोके मोजा. त्याच्या आत हवा झोका लवकर मारते, तिथे तीन-चार झोक्यांवरच समाधान मानावं लागतं.

दहा मिमीवर ही चकती झुलताना नीट बघा. वीज नसताना ती भिंतीवरच्या घड्याळाच्या लंबकासारखी टकटकीत जाते-येते. वीज लावल्यावर तीच चकती टोकाला जाऊन क्षणभर रेंगाळते आणि मग जड मनाने मागे फिरल्यासारखी परत येते. तिच्या धाग्यात, वजनात काहीच बदललेलं नसतं. तिला मागे आणणारं बल तेवढं कमी झालेलं असतं.

हिशेब असा. गुरुत्वामुळे चकतीला मध्याकडे आणणारी ताठरता म्हणजे वजन भागिले धाग्याची लांबी. १ ग्रॅम आणि ५० सेंमीला ती मीटरला ०.०१९६ न्यूटन. विद्युतबल मध्यापासून दूर ढकलतं आणि त्याची उलटी ताठरता म्हणजे हवेची विद्युत पारगम्यता (मीटरला ८.८५ पिकोफॅरड) गुणिले चकतीचं क्षेत्रफळ (२८.३ चौ. सेंमी) गुणिले व्होल्टतेचा वर्ग गुणिले दोन, भागिले एका बाजूच्या अंतराचा घन. पहिलीतून दुसरी वजा केली की उरते ती खरी ताठरता. उणे झाली की संतुलन अस्थिर.

घनामुळेच व्हर्निअरचा आग्रह आहे. अंतरात ३ टक्के चूक म्हणजे बलाच्या ताठरतेत ९ टक्के चूक. प्रत्यक्षात चकतीच्या कडेबाहेरून वाकणाऱ्या क्षेत्ररेषाही ओढतात, त्यामुळे सीमेची व्होल्टता हिशेबापेक्षा ५ ते १० टक्के कमी निघाली तर काळजी नको. त्याहून जास्त फरक आला तर मधोमधपणा तपासा. अर्ध्या मिलिमीटरची सुरुवातीची चूक १० मिमीवर वीज लावताच जवळजवळ तिप्पट होते, ९ मिमीवर हिशेबाने आठपट. तितक्या बाजूला गेलेली चकती परत येतच नाही.

आलेख काढताना उभ्या अक्षावर आवर्तकालाच्या वर्गाचा व्यस्त आणि आडव्या अक्षावर अंतराच्या घनाचा व्यस्त घ्या. बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. ती रेषा पुढे वाढवून जिथे आडव्या अक्षाला मिळते, तिथे संतुलन मोडतं. चकती एकदाही प्लेटेला न टेकवता मोडण्याची जागा सांगता येते, आणि या सगळ्या प्रयोगात आम्हाला सर्वांत मोलाची वाटते ती हीच गोष्ट.

एकच प्लेट

एक प्लेट काढून टाका. आता मधोमध असं काही नाही. चकती प्लेटेकडे थोडी झुकून थांबते आणि अंतर कमी करत गेलं की अचानक चिकटते. किती झुकल्यावर? वीज नसतानाच्या अंतराच्या एक-तृतीयांश. तिथपर्यंत धरते, त्यापुढे नाही. मोबाइल आडवा केल्यावर पडदा फिरवणाऱ्या सेन्सरमधले सूक्ष्म धातूचे भाग आखतानाही हीच एक-तृतीयांशाची सीमा पाळावी लागते. ५०० व्होल्टला हे सुरुवातीच्या १०.२५ मिमी अंतराला घडतं.

पण हे प्लेट हळूहळू जवळ आणली तर. तीच प्लेट १०.६ मिमीवर ठेवून बटण एकदम दाबा, चकती चिकटेल. झटक्याने निघालेली चकती वेगात असते आणि आपल्या नव्या जागेच्या पुढे जाते. एकदम वीज लावल्यास सीमा १०.८५ मिमीपर्यंत सरकते. दोन गटांचे आकडे जुळत नसले, तर कुणी बटण आधी दाबून मग प्लेट सरकवली आणि कुणी प्लेट आधी ठेवून मग बटण दाबलं, हे पहिल्यांदा विचारा.

टेकल्यावर चकती प्लेटेवर थरथरताना दिसेल. टेकताच चकती प्लेटेचंच विभव घेते आणि ओढ नाहीशी होते, चकती सुटते, तिचा प्रभार धाग्यातून निघून जातो, चकती पुन्हा ओढली जाते. बिघाड नव्हे, पण फॉइल खराब होते. प्लेटेवर तीन जागी मिलिमीटरभर उंचीचे पॉलिथिनचे ठिपके चिकटवा.

प्रभार कोंडून बघणे

पुन्हा दोन प्लेटा, १० मिमी, ५०० व्होल्ट. आवर्तकाल २.३६ सेकंद आहे याची खात्री करा. आता मेगरची तार प्लेटांपासून सोडवा, पण प्लेटांना जोडणारी तार राहू द्या. ॲक्रिलिकच्या पट्टीला बांधलेल्या आकड्याने तार ओढा, हाताने नाही. आणि ती बटण दाबलेलं असतानाच ओढायची. बहुतेक डिजिटल मेगर बटण सोडताच जोडलेल्या वस्तूचा प्रभार स्वतःच काढून टाकतात. आधी बटण सोडलंत तर कोंडायला काही उरत नाही.

आवर्तकाल तोच, २.३६ सेकंद येतो. व्होल्टता पुरवणारं कुणी नाही, तरी संतुलन तितकंच मऊ.

पुन्हा प्रभारित करा आणि या वेळी प्लेटांमधली तारही काढा. आता प्रत्येक प्लेटेवर तिचा तिचा प्रभार अडकला. आवर्तकाल साधारण १.८ सेकंदांवर येतो. आदर्श समांतर प्लेटा असत्या, तर तो थेट १.४२ झाला असता, कारण ठरलेल्या प्रभाराचं बल अंतरावर अवलंबूनच नसतं. पण १० सेंमीच्या प्लेटेची खोलीशी असलेली धारिताच सुमारे ४ पिकोफॅरड आहे आणि चकतीशी २.५. प्लेटेची पाठ आणि कडा प्रभाराची साठवण बनतात, त्यातून तो पुढे-मागे सरकतो. म्हणून मऊपणा पूर्ण जात नाही, सुमारे सहा-दशांश उरतो.

तार असताना चकती एका प्लेटेकडे सरकली, की दुसऱ्या प्लेटेवरचा प्रभार तारेतून जवळच्या प्लेटेवर धावून येत होता. ओढ वाढत होती ती त्यामुळे. तार काढली, ही वाट बंद झाली आणि ताठरता परत आली. सॅम्युएल अर्नशॉ यांनी १८४२ साली प्रसिद्ध केलेलं प्रमेय जागच्या जागी खिळलेल्या प्रभारांबद्दल आहे. रिकाम्या जागेत स्थिर विद्युतबलाने कुठल्याही प्रभाराला तिन्ही दिशांनी बांधून ठेवता येत नाही, एका दिशेला बांधलं तर दुसरीला ते सुटतं. सगळ्या दिशांच्या ताठरतांची बेरीज शून्य. वाहकात प्रभार खिळलेला नसतो, तो हवा तसा सरकून ऊर्जा आणखी खाली आणतो, म्हणजे बेरीज शून्याच्याही खाली. बॅटरीला जोडलेल्या वाहकाला बाहेरूनही प्रभार मिळतो, म्हणून तो कोंडलेल्या प्रभाराच्या वाहकापेक्षा कधीच जास्त स्थिर नसतो. आपल्या मांडणीत चकतीला धरून ठेवणारं जे काही आहे, ते धागा आणि गुरुत्व यांच्याकडून आलेलं आहे. नुसत्या प्लेटांची कितीही हुशार रचना करून फॉइलचा गोळा हवेत स्थिर तरंगवता येणार नाही. विज्ञान प्रदर्शनात तसा प्रकल्प घ्यायचा विचार असेल, तर वेळ वाया घालवू नका.

कोंडलेला प्रभार टिकला पाहिजे. प्लेट आणि चकती मिळून ६.५ पिकोफॅरडच आहेत. मिनिटभर प्रभार टिकायला पायांचा रोध एक कोटी मेगओहमच्या घरात हवा. ॲक्रिलिक स्पिरिटने पुसा आणि त्यानंतर बोटं लावू नका, घामाचा एक ठसा पुरतो. प्रभार गळत असेल तर दर पाच झोक्यांमागे आवर्तकाल १.४२ कडे सरकताना दिसेल.

काही बिघडलं तर

बटण दाबूनही आवर्तकाल १.४२ वरच राहिला, तर चकतीचा जमिनीशी संबंध तुटला आहे. सुटी चकती प्लेटांचंच विभव घेते आणि क्षेत्र नाहीसं होतं. गाठीवरची फॉइल तपासा. सुरुवातीला काहीच नाही आणि चार-पाच सेकंदांनी झोका संथ व्हायला लागला, तर धागा वाळला आहे, पुन्हा ग्लिसरीनचं पाणी लावा. चकती नेहमी एकाच प्लेटेकडे जात असेल तर ती मधोमध नाही किंवा एक प्लेट तिरपी आहे. चारी कोपऱ्यांत व्हर्निअर लावून बघा. पोहोचलेली व्होल्टताच कमी असेल, तर ॲक्रिलिकऐवजी कुठे तरी लाकूड, पुठ्ठा किंवा धूळ प्लेटेला टेकलेली असते. १०० मेगओहमची गळतीसुद्धा साखळीच्या १० मेगओहमपुढे ९ टक्के व्होल्टता खाते. प्लेट सुटी करून त्याच मेगरने पायांचा रोध मोजला, की दोष कुठल्या पायात आहे ते कळतं.